ता. क. मधली नडगी

वाचकाचं पत्र : मी ४६ वर्षांची, बँकेत नोकरी करते, कोथरूडला राहते. २०१४ साली मुंबईत फुल मॅरेथॉन ४ तास २८ मिनिटांत पूर्ण केली होती. पुढे सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी-बारावी, दोन बदल्या, आणि पळणं सुटलं ते सुटलंच. या एप्रिलपासून पुन्हा मनावर घेतलं. जूनमध्ये आठवड्याला २५ किलोमीटर होत होते, सप्टेंबरमध्ये ६० झाले. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉनही केली. सात किलो वजन उतरलं. १० किलोमीटर ६१ मिनिटांत होतात, सर्वांत लांबचा रन २४ किलोमीटरचा झालाय. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या फुलला नाव नोंदवलंय. ग्रुपमधले म्हणतात, साडेचार तास आरामात होतील. खरंच होतील का? उरलेल्या सहा-सात आठवड्यांत ३० च्या वरचे किती रन करू? मिस्टर रोज म्हणतात, या वयात गुडघे घालवून बसशील. त्यांना काय सांगू?

ता. क. डाव्या नडगीला आतल्या बाजूने एका ठिकाणी दुखतंय, दोनेक आठवडे झाले. आधी अंग गरम झालं की थांबायचं, आता थांबत नाही. लाँग रनच्या आधी एक गोळी घेते. नवरात्राच्या उपासांचा अशक्तपणा असेल का?

नमस्कार,

अख्खं पत्र साडेचार तासांवर लिहिलंत आणि नडगी ता. क. मध्ये ढकललीत. मी उत्तर नडगीपासून सुरू करते. आजपासून पळणं बंद. रविवारचा लाँग रन नाही, "हळूच पळून बघते" नाही, ग्रुपबरोबर वॉर्म-अपपुरतंही नाही. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. खेळाडूंच्या दुखापती नेहमी पाहणारे कुणी मिळाले तर फारच उत्तम.

पळणाऱ्यांची नडगी साधारण दोन तऱ्हांनी दुखते. एकीत नडगीच्या आतल्या कडेने चांगला चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखतो, दाबलं की सगळीकडे थोडं थोडं जाणवतं. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. त्रासदायक असतं, पण आटोक्यात येतं. दुसरीत एका बोटाने "इथे" असं दाखवता येतं आणि तिथे दाबलं की माणूस पाय मागे घेतो. हे हाडावर आलेल्या ताणाचं दुखणं असू शकतं. वेळीच थांबलं नाही तर त्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे ताणाने हाडाला बारीक तडा जातो. तुम्ही "एका ठिकाणी" लिहिलंय, आणि आधी पळताना थांबायचं ते आता थांबत नाही, असंही लिहिलंय. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचून मला काळजी वाटली. रात्री झोपेत किंवा नुसतं बसल्या जागीही ठणकायला लागलं असेल तर डॉक्टरांकडे उद्याच जा. नेटवर कुठे तरी वाचून एका पायावर उड्या मारून मात्र तपासू नका. तडा असलाच तर वाढेल.

निदान मी इथे बसून करू शकत नाही आणि करणारही नाही. एवढं मात्र आधीच सांगून ठेवते, की अशा दुखण्यात सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पेढे वाटू नका. डॉक्टरांना शंका असेल तर ते एमआरआय सांगतील. त्यात हाडातली सूज लवकर दिसते. खर्चाकडे बघून तो पुढे ढकलावासा वाटेल; पण डिसेंबरच्या शर्यतीसाठी जेवढं सामान घेऊन ठेवलं असेल, त्यापुढे तो खर्च फार नाही. डॉक्टरांना फक्त "पाय दुखतो" असं सांगू नका. जूनमध्ये २५ आणि सप्टेंबरमध्ये ६० किलोमीटर, साताऱ्याचा घाट, सात किलो वजन, उपास, पाळी नियमित आहे की नाही, हे सगळं सांगा. पाळीबद्दल तुम्ही मला काही लिहिलेलं नाही, तरी मुद्दाम म्हणतेय. त्याकडे पुढे येते.

ती गोळी आजच कपाटात जाऊ दे. दुखणं ही पायाने दिलेली सूचना असते, आणि तीच बंद करून तुम्ही २४ किलोमीटर पळताय. शिवाय दाहशामक वेदनाशामकं घेऊन, घाम गाळत, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तासन् तास पळणं मूत्रपिंडांनाही मानवत नाही. शर्यतीच्या दिवशी तर मुळीच नाही. पहाटे अंधारात स्टार्टला उभं राहून खिशातली स्ट्रिप एकमेकांना देणारी मंडळी मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं.

आता हे झालं कसं, ते समजून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा याच महिन्यात हेच पत्र मला नकोय.

तुम्ही नवख्या नाही. २०१४ मध्ये तुम्ही फुल पूर्ण केली होती. त्या वेळी कमावलेलं सगळं काही वाहून जात नाही. स्नायूंना जुनी सवय आठवते, काही आठवड्यांच्या सरावाने रक्तातलं द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. दम लवकर परत येतो. जुलैमध्येच तुम्हाला वाटलं असणार, की अरे, हे तर जमतंय. हाडांचं आणि स्नायूबंधांचं तसं नसतं. हाडावर नवा भार पडला की ते स्वतःला नव्याने घडवायला घेतं. पण जुन्या वाड्याची भिंत नव्याने बांधताना गवंडी आधी पोपडे आणि सैल विटा काढतो, तसं हाडही आधी थोडं खरवडलं जातं आणि मग भरलं जातं. एका जागचं हे काम पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे भार वाढवल्यानंतरच्या काही आठवड्यांत हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दम भरून आलेला असल्यामुळे माणूस किलोमीटर वाढवत सुटतो. पहिल्यांदाच पळायला लागलेल्याला तिसऱ्या किलोमीटरला धाप लागते म्हणून तो आपोआप वाचतो. परतून आलेल्याला कुणी थांबवत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच पळणारी कुणी असेल तर ती आज धडधाकट असेल, आणि त्याचं तुम्हाला नवलही वाटत असेल.

त्यात साताऱ्याची भर पडली. यवतेश्वरचा घाट चढताना हृदयाची परीक्षा होते, उतरताना पायांची. उतारावर प्रत्येक पावलाला नडगीला जास्त हादरा बसतो. तुम्ही उतरून आलात, मेडल घातलं, कंदी पेढे घेतलेत आणि पुढच्या आठवड्यात बहुधा पुन्हा ६० किलोमीटर केलेत. डोंगरातल्या हाफनंतर दोन आठवडे किलोमीटर निम्म्यावर आणायला हवे होते. ग्रुपमध्ये कुणी ते सांगितलं नसेल, कारण सगळ्यांनाच डिसेंबर दिसत होता.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी मी पैज लावते, की तुमचे रविवारचे रन साडेसहाच्या आतबाहेरच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसहा मिनिटं या गतीने होत असणार. फुलच्या ४२.१९५ किलोमीटरना साडेचार तास म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद, म्हणून पूर्ण ग्रुप त्याच आकड्याला चिकटून पळतो. तुमच्या ६१ मिनिटांच्या दहाकडे बघता तुमचा सोपा रन सव्वासात ते साडेसातच्या पेसचा हवा. शेजारणीशी पूर्ण वाक्यांत बोलता यायला हवं. नुसतं हं-हं नाही, सुनेची सविस्तर तक्रार करता यावी इतकं. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर असेच असतात. लाँग रन ही शर्यतीची रंगीत तालीम नसते. आणि तळव्यात कडक पट्टी असलेले कार्बन प्लेटचे शूज घेतले असतील (हल्ली घेतातच) तर ते रोज घालू नका. ते शर्यतीसाठी आणि एखाद-दुसऱ्या जलद सरावासाठी असतात.

आता उपास. तुम्ही विचारलंय, नवरात्राचा अशक्तपणा असेल का. अशक्तपणा हा शब्द फार मोघम आहे, पण तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. आठवड्याला ६० किलोमीटर पळणाऱ्या शरीराला रोजचं जगणं आणि पळणं या दोन्हींसाठी पुरेल एवढं अन्न लागतं. ते मिळालं नाही तर शरीर काटकसर करतं, आणि हाडांची डागडुजी व संप्रेरकं हे खर्च ते लवकर कमी करतं. पाच-सहा महिन्यांत सात किलो गेले, ते फक्त चरबीचे गेले असं समजू नका. नऊ दिवस फळं आणि चहावर काढून त्यातच २० किलोमीटर पळालात का, ते तुम्हालाच ठाऊक. उपास सोडा असं मी म्हणत नाही. माझ्याही घरी घट बसतात. पण ज्या वर्षी फुलची तयारी असेल त्या वर्षी नवरात्रात उठता-बसता करा, आणि उपासाच्या दिवशी खिचडी, रताळी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दूध, राजगिरा हे पोटभर खा. शनिवार धरत असाल तर रविवारच्या लाँग रनची आदली रात्र अर्धपोटी जाते, आणि सकाळी उठून तुम्ही रिकाम्या टाकीवर तीन तास पळता. मारुतीला ते पसंत पडेल असं मला वाटत नाही. वार तरी बदला, नाही तर लाँग रन तरी.

आणि ४६ हा आकडा. पाळी पुढे-मागे व्हायला लागली असेल तर इस्ट्रोजेन कमी होत चाललेलं असू शकतं, आणि हाडांची घनता राखायला तेच मदत करत असतं. पळणं बंद करायचं असा याचा अर्थ नाही. वजन पेलणारा व्यायाम हाडांना हवाच असतो. पण ड जीवनसत्त्व, बी-१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्या करून घ्या, आणि हाडांची घनता मोजायची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारा. दिवसभर बँकेत एसीत बसणाऱ्या आणि उजाडायच्या आत पळून घरी परतणाऱ्या बाईला पुण्यात राहूनही ऊन लागत नाही. बायका या तपासण्या नवऱ्याच्या वेळेवर करतात आणि स्वतःच्या पुढच्या वर्षी.

तर डिसेंबरचं काय? फुल नाही. पायात काहीही निघालं तरी नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर नडगीच्या त्या भागाला साधारण सहा ते आठ आठवडे पळण्यापासून सुट्टी लागते, म्हणजे प्रश्नच संपला. नुसतं शिन स्प्लिंट निघालं तरी गणित बघा. आज ऑक्टोबरचा उत्तरार्ध. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे किलोमीटर कमी करण्याचे. पाय शांत व्हायला किमान दोन आठवडे. मध्ये उरतात दोन, त्यातली दिवाळी वेगळी. या दोन आठवड्यांत २४ वरून ३२ वर उडी मारायची, ती नुकत्याच शांत झालेल्या पायावर. मी कुणालाही हे करू देणार नाही. आयोजक अंतर बदलून देत असतील आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर हाफ चालत-पळत करा. नाही तर तेही नाही.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा तुमच्या नावाचा शर्यतीचा क्रमांक, मैत्रिणीला देऊन टाकू नका. नोंदणीबरोबर तुमचं वय, रक्तगट, घरचा फोन नंबर जोडलेला असतो. ती सिंहगड रस्त्यावर कुठे कोसळली तर रुग्णवाहिकेतले तुमच्या घरी फोन करतील.

साडेचार तासांचं उत्तर राहिलं. धावपटू एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज काढायला एक सूत्र वापरतात. अंतर जितक्या पटीने वाढतं, तिचा १.०६ घात करून आधीच्या वेळेला गुणायचं. तुमच्या ६१ मिनिटांवरून फुलचा अंदाज ४ तास ४० मिनिटांचा येतो. तोही पूर्ण तयारी झालेल्या माणसाचा. ज्याचे लाँग रन २४ ला थांबलेत, त्याला त्याहून जास्तच लागतात, कारण ३० किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला साखरेचा साठा तळाला जातो आणि पाय शिसं भरल्यासारखे होतात. तुम्ही हे २०१४ मध्ये पेडर रोडच्या चढावर अनुभवलं असेल. थोडक्यात, ग्रुपमधले ज्याला "आरामात" म्हणतात, ती २०१४ च्या तुमच्यासाठी ठीक असलेली वेळ आहे. तेव्हा तुम्ही तिशीत होतात आणि खंड पडलेला नव्हता. जुन्या प्रमाणपत्रावरचा आकडा घेऊन आजचा सराव आखायचा नाही. आज पाय जे दाखवतो त्यावरून आखायचा. एवढी एक गोष्ट केली असतीत तर सप्टेंबरचे ६० किलोमीटर झालेच नसते, साठाऐवजी चाळीस झाले असते.

कुठल्याही ग्रुपमध्ये कुणी ना कुणी ऐकवतोच, की आपल्याकडची माणसं पूर्वी अनवाणी मॅरेथॉन पळायची, तुम्हाला शूज असून रडारड. गोष्ट खरी आहे आणि पुण्याचीच आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकरी तरुण अनवाणी पळाले. ते बघून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं, आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पण शेतात राबणाऱ्या त्या माणसांची हाडं लहानपणापासून रोज भार पेलत आली होती, आणि मध्ये दहा वर्षं कुणी त्यांना कॅश काउंटरमागे बसवलं नव्हतं.

मिस्टरांच्या गुडघ्यांबद्दल. हौशी पळणाऱ्यांचे गुडघे बैठ्या माणसांपेक्षा जास्त झिजतात, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट वजन आटोक्यात राहण्याचा गुडघ्यांना फायदाच होतो. एवढं सांगा आणि वाद मिटवा. पण नडगीचं त्यांना सांगितलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. ते आज सांगा. "बघ, मी म्हणत होतो" हे एकदा ऐकून घ्यावं लागेल. नंतर डॉक्टरकडे गाडी तेच चालवतील.

पुढचे आठवडे रिकामे नाहीत. डॉक्टर हो म्हणाले तर पोहा. टिळक टँक असो नाही तर घराजवळचा कुठलाही तलाव, खोल पाण्यात कमरेला तरंगायचा पट्टा बांधून पळण्याची क्रिया करता येते. दिसायला विनोदी दिसतं, पण दम टिकतो. सायकल, पायाला दुखत नसेल तरच. पोटरीचे व्यायाम, म्हणजे भिंतीला धरून टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही. हे केव्हा सुरू करायचं ते फिजिओथेरपिस्ट सांगतील. पोटरी दमदार असेल तर नडगीवरचा भार कमी होतो. परत पळणं सुरू करायची माझी अट साधी आहे : आधी पाऊण तास भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काही दुखायला नको. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर. वेताळ टेकडी तुम्हाला घराजवळ पडते, पण तिथे पहिले दोन महिने फक्त चालायला जा. पावलं किंचित छोटी आणि जलद ठेवा. उन्हाळ्यात पाया, पावसाळ्यात किलोमीटर, आणि पुढच्या डिसेंबरला फुल. मधल्या काळात एखादी सपाट हाफ पळालात तर तिच्यावरून वेळ ठरवू. मला तेव्हाचा आकडा कळवा, हिशोब मी करून देईन.

ग्रुपवर काय लिहायचं हेही आत्ताच ठरवा, नाही तर रविवारी पहाटे कुणी तरी फोन करेल, "चल ना, नुसतं १० करू", आणि तुम्ही उठून जाल. "नडगी दुखतेय, डॉक्टरांना दाखवतेय, डिसेंबर नाही. पोह्यांना येईन" एवढंच टाका. मग महानारायण तेलापासून नाभी सरकण्यापर्यंत सगळे उपाय येतील. त्यांना हात जोडायचे.